प्रोजेक्टर लावायचा कसा आणि भिंतीवर दाखवायचं काय

केंद्राच्या गटप्रतिनिधी मेळाव्यात एका सहयोगिनी ताईंनी केलेले हे भाषण. बोलण्याचा ढंग होईल तेवढा तसाच ठेवला आहे.



अध्यक्षाताई म्हणाल्या, प्रोजेक्टर कसा लावायचा ते वीस मिनिटांत सांगून टाक. वीस मिनिटांत होईल का ते माहीत नाही बाप्पा, कारण मला शिकायला दीड वर्ष लागलं. त्यातलं वर्षभर तर मी त्याला हातच लावत नव्हते. का लावत नव्हते, ते आधी सांगते.

आपल्या केंद्रात प्रोजेक्टर नवीन आला, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात वार्षिक सभा होती. तुमच्यातल्या बऱ्याच जणी होत्या तिथं. समाजमंदिर भरलेलं, पुढं पाहुणे बसलेले. मी यंत्र टेबलावर ठेवलं, वायर लावली, बटण दाबलं. भिंतीवर निळा चौकोन आला आणि त्यात इंग्रजीत दोन शब्द, 'नो सिग्नल'. वायर काढली, परत लावली. लॅपटॉप बंद केला, चालू केला. तेच. दहा मिनिटं गेली. मागून एका भाऊचा आवाज आला, "बायांचं काम होय का जी हे? कोण्या पोट्ट्याले बोलवा." लोक हसले. आपल्या बायाही हसल्या. मला त्यांचंच हसणं जास्त लागलं.

मग एक कॉलेजातला मुलगा आला. त्यानं रिमोटचं एक बटण दाबलं, आणि चित्र आलं. काय केलं रे बाबू, असं विचारलं, तर म्हणाला, "काही नाही काकू, सेटिंग होती." पुढची सगळी सभा रिमोट त्याच्याच हातात. त्याला कुठं तरी जायची घाई होती. वर्षाचा जमाखर्च भिंतीवरून तीन मिनिटांत पळाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आपणही वाजवल्या. एकीनंही काही विचारलं नाही. विचारणार काय, वाचूनच झालं नव्हतं.

त्या दिवशी घरी गेले, सयपाक केला, सगळ्यांना वाढलं आणि जेवले नाही.

तर ते 'सेटिंग' काय होतं, ते आधी सांगून टाकते, म्हणजे माझ्यासारखी कुणाची रात्र उपाशी जायची नाही. रिमोटवर आणि प्रोजेक्टरच्या पाठीवरही एक बटण असतं. त्यावर 'सोर्स' किंवा 'इनपुट' लिहिलेलं असतं. प्रोजेक्टरला मागं दोन-तीन दारं असतात. एका दारातून लॅपटॉपची वायर येते, दुसऱ्यातून दुसरी वायर, तिसऱ्यात पेनड्राइव्ह. आपण पाहुणा एका दारानं आणला आणि घरची बाई दुसऱ्या दारात ताट घेऊन उभी, असा तो प्रकार आहे. 'सोर्स' दाबलं की दारांची यादी भिंतीवर येते. ज्यात वायर खुपसली त्याचं नाव निवडायचं. झालं. एवढ्यासाठी मी वर्षभर त्या खोक्याला घाबरले.

तेवढ्यानं नाही झालं, तर दोष लॅपटॉपकडं असतो. लॅपटॉपला सांगावं लागतं की बाई, तुझं चित्र बाहेरही पाठव. कीबोर्डवर खाली डाव्या बाजूला चार चौकोनांच्या खिडकीचं बटण आहे. ते दाबून ठेवायचं आणि सोबत इंग्रजी 'पी' दाबायचा. चार पर्याय येतात, त्यातला 'डुप्लिकेट' घ्यायचा. म्हणजे लॅपटॉपवर जे दिसतं तेच भिंतीवर दिसतं. कधीकधी 'एक्स्टेंड' निवडलं जातं. तेव्हा भिंतीवर नुसती रिकामी फुलाबिलाची तसबीर दिसते आणि आपली फाइल लॅपटॉपवरच राहते. मशीन बिघडली असं वाटतं. बिघडलेली नसते.

वायरी दोन तऱ्हेच्या. जुनी असते ती निळ्या तोंडाची, बाजूला दोन स्क्रू आणि आत पंधरा बारीक पिना. तिला व्हीजीए म्हणतात. ही वायर फक्त चित्र नेते, आवाज नेत नाही. नवी असते ती चपटी, एचडीएमआय. ती चित्र आणि आवाज दोन्ही नेते. म्हणून निळी वायर लावली असेल तर प्रोजेक्टरमधून आवाज येणार नाही, कितीही वाढवा. स्पीकर लॅपटॉपला वेगळा जोडायचा. चपटी वायर लावली तर उलट होतं. आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या बारक्या स्पीकरमधून चिमणीसारखा येतो आणि तुमचा मोठा स्पीकर मुका. तेव्हा लॅपटॉपवर खाली कोपऱ्यात भोंग्याचं चिन्ह आहे, त्यावर टिचकी मारून आवाज कुठून काढायचा ते निवडा. निळ्या वायरीच्या पिना वाकतात, म्हणून ती दामटायची नाही. तोंडाचा आकार पाहून सरळ बसवायची.

मोबाइलवरून दाखवता येतं का, हे प्रत्येक गावात विचारतात. येतं, पण भरवसा नाही. बिनवायरीनं जोडायला दोघांत वायफाय लागतं, आणि आपल्याकडं नेटवर्क कधी झाडावर तर कधी टाकीवर. वायरीनं जोडायचा तुकडा मिळतो, पण मोबाइलमध्येच बाहेर चित्र पाठवायची सोय नसेल तर तो तुकडा चालत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच मोबाइलमध्ये ती नसते. विकत घेण्याआधी दुकानात स्वतःचा मोबाइल लावून पाहा. माझं म्हणाल तर मी व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून घेते आणि पेनड्राइव्हमध्ये टाकते. जिथं रेंज आहे तिथं उतरवायचं, जिथं बाया आहेत तिथं दाखवायचं. मात्र काही प्रोजेक्टर पेनड्राइव्हमधले नुसते फोटो दाखवतात, व्हिडिओ दाखवत नाहीत. आपला कोणता आहे ते घरी पाहून घ्यायचं, सभेत नाही.

आता ठेवायचा कुठं. यावर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक ठिकाणी यंत्र चांगलं असतं आणि ठेवणं वाईट असतं.

प्रोजेक्टर हा साधा दिवा आहे. प्रकाश फेकणं एवढंच त्याचं काम. भिंतीपासून जितका लांब न्याल तितकं चित्र मोठं होतं, पण प्रकाश तेवढाच राहतो. अंतर दुप्पट केलं तर चित्र रुंदीलाही दुप्पट आणि उंचीलाही दुप्पट, म्हणजे जागा चौपट. तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो, म्हणून चित्र फिकं दिसतं. एका बांधीपुरते पऱ्हे चार बांध्यांत रोवले तर रोवणी कशी दिसेल? तसंच. "मोठ्ठं करा ताई, पूर्ण भिंतभर करा," असं पोरं ओरडतात. करायचं नाही. साध्या प्रोजेक्टरला सहा फूट रुंद चित्रासाठी साधारण नऊ-दहा फूट अंतर लागतं. गटाच्या बैठकीला तेवढं चित्र पुरे.

यंत्र भिंतीच्या बरोबर समोर हवं, तिरकं नको. टेबल बुटकं असलं की आपण पुढच्या पायाखाली वही सारतो आणि तोंड वर करतो. मग चित्र वरून रुंद, खालून अरुंद होतं, उलट्या सुपासारखं. ते सरळ करायला 'कीस्टोन' नावाचं बटण आहे. चिमूटभर वापरायला हरकत नाही. पण ते बटण चित्राच्या कडा कापून सरळपणा आणतं, त्यात अक्षरं थोडी अंधूक होतात. त्यापेक्षा टेबलावर पाट ठेवा, त्यावर यंत्र ठेवा आणि तोंड सरळ भिंतीकडं करा. अक्षरं अस्पष्ट दिसली की भिंगाभोवतीची कडी हळूहळू फिरवायची. हे करताना स्वतः यंत्रापाशी उभं राहायचं आणि दुसरीला भिंतीपाशी उभं करायचं. ती "थांबा" म्हणेल तिथं थांबायचं. जवळून पाहणारीला जास्त कळतं.

चित्र उलटं, डोक्यावर उभं दिसलं तर घाबरू नका. यंत्र छताला टांगायची सोय असते, त्यासाठी ते चित्र उलटवतं. कुणीतरी ती खूण दाबलेली असते. मेनूमध्ये जाऊन 'फ्रंट' निवडलं की चित्र सरळ होतं.

भिंत पांढरी हवी आणि चकाकी नसलेली. ऑइल पेंटच्या भिंतीवर मधोमध चकाकतो ठिपका आणि बाजूला काही दिसत नाही. हिरव्या भिंतीवर माणसं हिरवी दिसतात. चुन्याची भिंत झकास. चादर लावायची तर जाड, दुहेरी, खालच्या टोकाला काठी शिवून, म्हणजे वाऱ्यानं हलत नाही. एकेरी चादरीतून निम्मा प्रकाश मागं जातो. एकदा आमच्या कार्यक्रमात चादरीच्या मागच्या सांदवाडीत बसलेली माणसं पुढच्यांपेक्षा मजेत पाहत होती, फक्त त्यांना अक्षरं उलटी दिसत होती.

अंधाराचं एक समजून घ्या. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. काळं म्हणजे जिथं प्रकाश पाडलाच नाही ती भिंत. खोलीत उजेड असला की ती भिंत उजळ दिसते आणि काळी अक्षरं राखाडी होतात. म्हणून निदान भिंतीजवळची खिडकी गोणपाटानं झाका. पुरता अंधारही करू नका, बायांना वही दिसली पाहिजे आणि लेकरू कुठं गेलं तेही दिसलं पाहिजे. दिवसा, दार उघडं ठेवून दाखवायचं असेल तर तीन हजार ल्युमेनच्या वरचा लागतो. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. ऑनलाइन पाच-सहा हजारांत मिळणाऱ्या बारक्या प्रोजेक्टरवर मोठमोठे आकडे लिहिलेले असतात. त्याला भुलू नका. 'एएनएसआय ल्युमेन' असं लिहिलंय का ते पाहा, तेच खरं माप. गटाच्या पैशानं घ्यायचा तर दुकानात दिवसाउजेडी लावून पाहिल्याशिवाय घ्यायचा नाही. भाजी घेताना आपण भेंडी मोडून पाहतो की नाही?

दिव्यानं भिंतीवर चित्र दाखवणं आपल्या महाराष्ट्राला नवं नाही. १८९० च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर हातानं चित्रं रंगवली, ती दिव्यासमोर धरली आणि पडद्यावर पुराणातल्या गोष्टी दाखवल्या. त्याचं नाव होतं शांबरिक खरोलिका. नाव उच्चारताना माझीच जीभ वळते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला तो १९१३ साली, म्हणजे त्याच्याही नंतर. आणि आपल्या झाडीपट्टीला तर रात्र रात्र जागून पाहायची सवयच आहे. मंडई आली की दंडार, नाटक. त्यात स्टेजवर उजेड कुठून पाडायचा ते आपल्याच गावची माणसं करतात. तेव्हा हे काम आपल्याला जमणार नाही असं काही नाही. फक्त तिथं वायरी पुरुषांच्या हातात असतात आणि आपण बोऱ्यावर बसलेल्या असतो.

लाइटीचं बोलू. आपल्याकडं लाइन केव्हा जाईल ते सांगता येत नाही. दिव्याचा, म्हणजे लॅम्पचा प्रोजेक्टर आतून फार तापतो. आत पंखा असतो, तो त्याला गार करतो. कार्यक्रम संपला की बटण एकदा दाबायचं. ते विचारतं, खरंच बंद करू? परत दाबायचं. दिवा विझतो, पण पंखा मिनिटभर, कधी दोन मिनिटं फिरत राहतो. तो थांबेपर्यंत प्लग ओढायचा नाही. इथंच आपण चुकतो. एसटीची वेळ झालेली असते, कुणीतरी मदत करायला धावते आणि पहिलं प्लग काढते. तापलेला दिवा तसाच राहिला की त्याचं आयुष्य कमी होतं, आणि नवीन दिव्याची किंमत ऐकून कोषाध्यक्ष ताई खाली बसतात. लाइन अचानक गेली तर आपला इलाज नाही. पण लाइन आली की लगेच चालू करू नका. पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या, तोवर चर्चा करा. एलईडीचा असेल तर एवढं तापत नाही आणि त्याचा दिवाही कितीतरी जास्त वर्षं टिकतो. तरी पंखा थांबू द्यायची सवय चांगली.

घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. लॅम्पवाल्याला अडीचशे-तीनशे वॅट लागतात. तेव्हा त्याच इन्व्हर्टरवर चार पंखे आणि फ्रिज ठेवू नका. जनरेटर असेल तर आधी जनरेटर सुरू करून स्थिर होऊ द्या, मग यंत्र लावा. एक्स्टेंशनची वायर येण्या-जाण्याच्या वाटेतून टाकायची नाही. टाकावीच लागली तर तिच्यावर बोऱ्या अंथरा. पायात अडकून यंत्र खाली आलं तर यंत्र गेलं, आणि गरम पाण्याचा चहा घेऊन येणारी बाई पडली तर त्याहून वाईट.

धूळ हा आपल्या भागातला मोठा शत्रू. धानाची मळणी चालू असते तेव्हा गावात तनसाची धूळ उडते आणि पंखा ती आत ओढतो. बाजूला एक जाळी असते, तिला फिल्टर म्हणतात. ती काढून मऊ ब्रशनं झाडायची. पाण्यात बुडवायची नाही. जाळी बुजली की यंत्र तापतं आणि आपोआप बंद पडतं. मग आपण म्हणतो खराब झालं. यंत्राच्या बाजूनं गरम हवा बाहेर येते, तिथं फूटभर जागा मोकळी ठेवा. वही, पर्स, पाण्याची बाटली टेकवू नका. भिंग पदरानं पुसायचं नाही. हे मी तीनदा सांगते, कारण आपला हात आपोआप पदराकडं जातो. पदरात धुळीचे कण असतात, भिंगावर ओरखडे पडतात. चष्म्याचं मऊ फडकं ठेवा. लेकरांना भिंगात डोकावू देऊ नका, डोळ्यांना इजा होते.

आणि तुडतुडे. दिवाळीच्या आधी धान भरणीत असतं तेव्हा संध्याकाळी दिवा लावला की हिरवे तुडतुडे ढगासारखे येतात. उघड्यावर प्रोजेक्टर लावला तर भिंतीवर माणसांपेक्षा तुडतुड्यांचीच नाटकं. त्या दिवसांत कार्यक्रम दिवसा, खोलीत घ्यायचा. नाहीतर यंत्रापासून लांब दुसरा एक मोठा बल्ब लावून ठेवायचा, बरेच तिकडं जातात. एका गावात त्याच वेळी धानाच्या किडींचा व्हिडिओ चालू होता. एक मावशी म्हणाली, "त्यात काय दाखवता जी, हे बघा, खरेच आले."

व्हिडिओ दाखवण्याबद्दल एक सांगते. नुसता लावून द्यायचा आणि आपण चहाच्या तयारीला जायचं, त्याचा उपयोग नाही. डिजिटल ग्रीन नावाची संस्था २००८ पासून हे काम करते. बिहारमध्ये 'जीविका'च्या गटांत त्यांनी हातात मावेल एवढा, बॅटरीवरचा प्रोजेक्टर गावोगावी नेला. व्हिडिओत दिसायच्या त्या त्याच भागातल्या शेतकरी बाया, त्यांच्याच बोलीत. आणि दाखवणारी ताई मधेच व्हिडिओ थांबवायची आणि विचारायची, आता काय पाहिलं, तुमच्या शेतात हे जमेल का, का नाही जमणार. पुढच्या बैठकीत परत विचारायची, कोणी करून पाहिलं. मी हे आपल्याकडं करून पाहिलं. दशपर्णी अर्काचा व्हिडिओ सलग दाखवला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणी केलं नाही. दुसऱ्या गावात सहा ठिकाणी थांबवला. तिथं भांडण झालं, की एवढा पाला आणायचा कोणी आणि गोमूत्र कुणाच्या गाईचं. भांडण झालं, पण चौघींनी केला. रिमोटवर ते थांबवायचं बटण आहे, दोन उभ्या रेघांचं. माझ्या मते सगळ्यात कामाचं बटण तेच.

आता ज्यासाठी मी खरं उभी राहिले ते. हे बोलू की नको, असं दोन दिवस चाललं होतं माझ्या मनात.

मी चालवायला शिकले, तेव्हा पहिला नियम केला की जमाखर्च आपण स्वतः दाखवायचा, आणि हळू. एका पानावर पाच ओळींच्या वर नाही. अक्षर एवढं मोठं, की शेवटच्या रांगेतल्या आजीला चष्म्याविना आकडा ओळखू यावा. कार्यक्रमाआधी मी स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसते आणि बघते. एका गटाच्या बैठकीत मी त्या गटाच्या कर्जाचं पान भिंतीवर लावलं. नाव, घेतलेलं कर्ज, भरलेले हप्ते, बाकी. एकेक ओळ, बोट ठेवून. कोपऱ्यात एक मावशी बसली होती. तिला अक्षर येत नाही, आकडे येतात. बाजारात भाजी विकते, आकडे पक्के. ती उठून भिंतीपाशी आली, आपल्या ओळीवर हात ठेवला. तिच्या हातावर तो आकडा उमटला. म्हणाली, "माहे दोन हजार कुठी गेले जी?"

मी म्हटलं, मावशी, वहीत आहे तेच आहे. ती म्हणाली, पोळ्याच्या आधीच्या बैठकीत मी दोन हजार दिले, शंभराच्या नोटा, तूच मोजल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू. सगळ्यांसमोर माझ्यावर संशय घेते असं वाटलं. पण पान भिंतीवर होतं, झाकायचं कुठं? पावतीपुस्तक आणलं. तिची पावती होती. पैसे त्याच नावाच्या दुसऱ्या बाईच्या खात्यावर चढले होते. चढवले होते मीच. अक्षर माझंच होतं.

चार महिने ते तसंच होतं. दर महिन्याला मी तेच वहीतून भराभर वाचून दाखवत होते, आणि ती मावशी मान डोलावत होती, कारण ऐकून आकडा ध्यानात राहत नाही. आणि ज्या दुसऱ्या ताईचे हप्ते जास्त दिसत होते, ती काही बोलली नाही. ती का बोलली नाही, ते मी विचारलं नाही, आज इथंही विचारत नाही. त्याच बैठकीत दुरुस्ती केली, इतिवृत्तात लिहिलं, सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. मी मावशीची माफी मागितली. ती म्हणाली, "चुकते माणूस. पन हे भिंतीवरचं दर महिन्याले लाव बाई."

तेव्हापासून मी लावते. पण त्यातही मी दुसरी चूक केली, तीही सांगते. उत्साहात मी एका गावच्या मोठ्या मेळाव्यात सगळ्या गटांची थकबाकी नावानिशी दाखवली. पाच गट, नवरे, पोरं, दारात उभे असलेले गावकरी. एका ताईची तीन हप्त्यांची बाकी तिथं सहा फुटांच्या अक्षरात दिसली. तिच्या घरात दवाखाना चालू होता, हे गटाला माहीत होतं, गावाला नव्हतं. ती दोन महिने बैठकीला आली नाही. आम्ही तिघी तिच्या घरी गेलो तेव्हा ती आली. म्हणून आता आमचा रिवाज असा आहे. नावानिशी हिशेब फक्त त्या गटाच्या बैठकीत, दार लावून. गावाच्या मेळाव्यात फक्त गटाची एकूण बेरीज. काही जणी म्हणतात, नावं दाखवली तर वसुली चांगली होते. होत असेल. मी दाखवणार नाही. तुमच्या गटात काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण रिमोट दाबायच्या आधी ठरवा.

लॅपटॉपचं एक राहिलं. भिंतीला जोडण्याआधी मोबाइलचे मेसेज लॅपटॉपवर येत असतील तर ते बंद करा. एकदा भर सभेत भिंतीवर माझ्या नवऱ्याचा मेसेज आला, "भाजी काय करू." सगळ्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या. नवरा भाजी करतो हे गावाला कळलं, ते एक बरंच झालं. पण दुसरं काही येऊ शकतं.

यंत्र नेण्या-आणण्यासाठी वही केली आहे. कोणी नेलं, कोणत्या तारखेला, दोन्ही वायरी, रिमोट, भिंगाचं झाकण, एक्स्टेंशन मोजून दिलं, मोजून घेतलं. रिमोटचे सेल जास्तीचे ठेवा. पावसाळ्यात पिशवीवर प्लास्टिक. गाडीवर नेताना पुढं, पायापाशी नाही, मधे दोघींच्या मांडीवर. भाड्यानं आणायचं तर दिवसाचे हजार-पंधराशे जातात आणि सोबत एक मुलगाही येतो. त्याला घाई असते.

झालं माझं. जेवणाला अर्धा तास आहे असं त्या खुणावताहेत. खोकं तिथं टेबलाखाली आहे. मी काही जोडलेलं नाही आणि भिंगाचं झाकणही काढलेलं नाही. वायर निळी आहे का चपटी, तेही सांगणार नाही. प्रत्येक गटातली एक यायची, जिनं आजवर हात लावला नाही ती. अध्यक्षाताई, तुम्ही नाही. मागच्या आजी, तुम्ही हसू नका जी, तुमच्यापासूनच सुरुवात. या.